आडनाव न विचारणारा ओटा

मंगळवारी दुपारी माझी पत्नी गेली. मी त्या वेळी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो. शेजाऱ्यांचा फोन आला. मी रिक्षाने घरी आलो. डॉक्टर येऊन गेले होते. तिचा मोबाईल टेबलावर वाजत होता.

तो संध्याकाळपर्यंत वाजत राहिला. घर माणसांनी भरलं. बायका आत बसल्या, पुरुष जिन्यात उभे राहिले, आणि कोणीतरी तो फोन माझ्या हातात आणून दिला, बंद करा म्हणून. बंद करायला गेलो तर पडद्यावर निरोप होता : "मॅडम, सकाळपासून दोन पाव्हणे येऊन बसले. पाणी कोणीच नाही देल्लं. तब्येत बरी हाय न?"

हे पाहुणे आमच्या घरी आलेले नव्हते. ते तिच्या ओट्यावर आले होते. ओटा हे तिने इंटरनेटवर चालवलेल्या बैठकीचं नाव. तिथे मी बरीच वर्षं वाचत होतो, पण एक ओळही कधी लिहिली नव्हती. त्या संध्याकाळी पहिली ओळ लिहिली : "मॅडम आज दुपारी गेल्या."

मग जे आलं ते माझ्यासाठी नव्हतं. मेहकरकडचे एक शेतकरी, ज्यांना ओट्यावर सगळे काका म्हणतात, त्यांनी त्या दोन अनोळखी पाहुण्यांना लिहिलं, "या, बसा. पाणी घ्या. आज आमच्या घरी दुःख हाय, पण तुमी बसा." त्याखाली दुसऱ्या कोणीतरी तेच लिहिलं, मग आणखी कोणी. आधी पाहुण्यांना पाणी मिळालं. त्यानंतर माणसं माझ्याकडे वळली. आतल्या खोलीत ती निजलेली होती आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून हे वाचत होतो. त्या दिवसातली एवढी एकच गोष्ट मला अजून पुन्हा पुन्हा आठवावीशी वाटते.

ओटा कसा झाला ते सांगायला हवं.

ती बुलढाण्याच्या एका शाळेत विज्ञान आणि संगणक शिकवायची. पूर्वी सगळ्यांसारखी तीही मोठ्या कंपनीच्या त्या निळ्या-पांढऱ्या जागेवर लिहीत असे. एकदा तिने शाळेच्या सहलीबद्दल आपल्या बोलीत, वऱ्हाडीत लिहिलं. गाडी घाटात बंद पडली, मुलं खाली उतरून ढकलायला लागली, आणि ड्रायव्हर म्हणाला, "लावा बे जोर, सकाळी काय फक्त चहाच पेले काय!" खाली कोणीतरी लिहिलं, "शिक्षिका असून असं मराठी?" तिने उत्तर दिलं, "शिक्षिका असून नाही, वऱ्हाडातली असून." मग त्यावर जी झुंबड उडाली ती आठवडाभर चालली. कंपनीकडे तक्रार केली तर कळवण्यात आलं की यात नियमभंग आढळत नाही.

तिने खातं बंद केलं. रुसून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिचा एक जुना विद्यार्थी आता मलकापूरला संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला तिने विचारलं, "आपली सोताची जागा नाही का करता येत?" तो म्हणाला, "येते न मॅडम. पण मंग झाडझूडबी आपल्यालेच करा लागते."

मला हे प्रकरण कळायला वेळ लागला. तिने जेवताना समजावलं. हे जाळं कोण्या एका मालकाचं नसतं. हजारो लहानमोठ्या जागा असतात, प्रत्येकीचा कारभारी वेगळा, नियम वेगळे. पण एका जागेवरचा माणूस दुसऱ्या जागेवरच्याशी बोलू शकतो. मी म्हणालो, "पण आपली जागा एवढीशी. तिथून जगाशी काय बोलणार?"

"काऊन? बुलढाण्याले रेल्वे नाही, म्हणून आपण काय मुंबई पाह्यली नाही का? मलकापूरले जाऊन गाडी धरतोच न? तसंच हाय हे. रस्ता असला म्हणजे झालं."

"आणि त्या रस्त्याने चोर आले तर?"

"तुमाले आधी चोरच दिसते," ती म्हणाली. "येतीन. त्याईचंबी पाहू."

ओट्यावर लिहायला काही बंधन नव्हतं, फक्त नवीन माणसाच्या स्वागताची एक रीत होती. कोणी नवीन आलं की ज्याच्या नजरेस पडेल त्याने लिहायचं, "या, बसा. पाणी घ्या." मग इथे काय चालतं ते दोन ओळींत सांगायचं, कोणी त्रास दिला तर कुठे कळवायचं ते सांगायचं. आणि आडनाव विचारायचं नाही.

ही शेवटची अट वाचून कोणाला नवल वाटेल. ज्यांना वाटत नाही त्यांना मी काही सांगायची गरज नाही. आमच्या भागात माणूस दारात आला की आधी पाणी, मग गाव, मग आडनाव. ही माणुसकीची रीत आहे, तिच्यातूनच नाती निघतात. कोणाची आत्या कुठे दिली, कोणाचे मामा कुठले. पण त्याच प्रश्नाने जातही कळते. आम्ही बौद्ध. लग्नानंतर बुलढाण्यात भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा एका घरी आमचं छान स्वागत झालं. खोल्या दाखवल्या, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगितलं, चहा आला. चहा निम्मा झाल्यावर मालकांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांना एकदम आठवलं की त्यांचा पुतण्या पुढल्या महिन्यात राहायला येणार आहे. मी उठायला लागलो. ही शांतपणे बसून राहिली आणि चहा संपवून कप बशीत ठेवून मगच उठली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "चांगला होता चहा. पुतण्या नशीबवान हाय." आणि हसायला लागली. मला हसू आलं नाही. बस स्टँडपर्यंत ती हसत होती आणि मग तीही गप्प झाली.

ओट्याचे नियम लिहिताना तिने मला दाखवले होते. त्यात वाक्य होतं : "पाणी आधी. गाव विचारलं तर चालेल. आडनाव विचारायचं नाही." मी म्हटलं, जरा कारण लिही. ती म्हणाली, "ज्याले कारण लागते त्याले ओटाबी लागत नाही."

तक्रारी वाचायचं काम तिने माझ्याकडे दिलं. "तुमी सावकाश वाचता न, मंग हे तुमीच वाचा." कोणी कोणाला वाईट लिहिलं की ते माझ्याकडे येई. मी ते तिला सांगे, ती ठरवे, आणि मलकापूरचा तिचा विद्यार्थी यंत्राचं जे काही करायचं ते करी. ट्रोलांच्या बाबतीत तिचं एक ठाम मत होतं, आणि शाळेत इतकी वर्षं शेवटच्या बाकाशी व्यवहार करून ते आलेलं होतं. "त्याले उत्तर नाही पायजे, त्याले बघे पायजे. बघे उठले का त्याचा खेळ संपला." म्हणून ओट्यावर कोणी भांडखोर शिरला की उत्तर द्यायचं नाही, तक्रार करायची आणि आज घरात काय शिजलं ते लिहायला लागायचं. याला सगळे "भाजी टाकणं" म्हणत. एक जण लिही, "भाजी टाका रे." की आंबाडीची भाजी, पाटवडीचा रस्सा, ठेचा, कालची उरलेली खिचडी असं सुरू होई आणि त्या बिचाऱ्याच्या शिव्या मधल्या मधे बुडून जात. एकदा असाच एक जण चिडून विचारता झाला, "इथे कोणी शुद्धीवर आहे का?" काकांना राहवलं नाही. त्यांनी लिहिलं, "हाव, भाकर तव्यावर हाय, उलटून येतो." हिने त्यांना उत्तर दिल्याबद्दल रागावल्यासारखं केलं, पण मला ते वाक्य वाचून दाखवताना ती खुर्चीवरून पडायची राहिली होती.

ती गेल्यावर जलदानविधीला ओट्यावरची माणसं आली. मी बोलावलं नव्हतं. मला त्यांचे चेहरे माहीत नव्हते आणि त्यांना माझा. एसटीने आली होती, कोणी मलकापूरहून, कोणी चिखलीहून, काका मेहकरकडून. वंदना झाल्यावर माझे थोरले चुलतभाऊ त्या घोळक्यापाशी गेले.

"पाव्हणे कोण्या गावचे?"

"आमी अल्लग अल्लग गावचे, दादा. ओट्यावरचे."

"कोणाच्या ओट्यावरचे?"

"मॅडमच्या."

दादा माझ्याकडे आले. "काय बे, तू तर तिसऱ्या मजल्यावर राह्यतं. तुझ्या घराले ओटा कोठून आला?"

मी त्यांना समजावायला लागलो, पण माझ्याच्याने झालं नाही. तेवढ्यात एक बाई पुढे होऊन म्हणाल्या, "मी रोज ढगाचे फोटो टाकते, ते मी." काका म्हणाले, "अन् मी भाकरवाला." दादांना काहीच उमगलं नाही, पण त्यांनी सगळ्यांना आग्रहाने जेवायला बसवलं. दादांनी त्या दिवशी एकाचंही आडनाव विचारलं नाही. दुःखात विसरले असतील. मला मात्र ते पाहून बरं वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी उंद्री गावच्या एक बाई ओट्यावर आल्या. त्यांनी गाव लिहिलं होतं, बाकी काही नाही. नवरा-बायको मिळून पिठाची चक्की चालवतात. दळण ठेवून बाया जे बोलतात ते त्या लिहीत. पहिल्याच दिवशी लिहिलं होतं :

"एक जण म्हणे, सून चांगली भेटली वो. दुसरी म्हणे, मंग नजर काढ तिची. तिसरी म्हणे, नजर राहू दे, पहिले मोबाईल काढ."

मी मोठ्याने हसलो. घरात कोणी नव्हतं. ती गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो होतो, आणि सवयीने स्वयंपाकघराकडे पाहून "ऐकलंस का?" म्हणालो.

दोन-तीन दिवसांत बाईंच्या लिखाणाची सगळ्यांना ओढ लागली. चक्की सुरू व्हायची वेळ झाली की लोक वाट पाहत. आणि मग काकांनी, एवढ्या मायाळू माणसाने, चूक केली. त्यांनी लिहिलं, "उंद्रीचे का तुमी? आमची मोठी आत्या उंद्रीलेच देल्ली होती. आडनाव काय म्हणलं तुमचं? एखांद्या वेळी नातंच निघीन."

त्यात वाकडं काही नव्हतं. त्यांना खरंच नातं हवं होतं. त्यांच्या बोलण्यात पाणी, गाव, आडनाव हे एका श्वासात येतं, आणि माझ्या पत्नीच्या नियमापाशी तो श्वास अडवायला आता ती नव्हती. बाईंनी सरळ उत्तर दिलं. आडनाव लिहिलं.

ते आमच्यासारखंच आडनाव होतं. ज्याला ओळखायचं तो लगेच ओळखतो.

काकांनी लिहिलं, "नाही बा, आत्याचं अल्लग हाय," आणि विषय त्यांच्यापुरता संपला. पण आमचं बोलणं रस्त्यावरून दिसतं. दुसऱ्या एका सर्व्हरवरची, म्हणजे या जाळ्यातल्या दुसऱ्या जागेवरची, काही मंडळी ते पाहत होती. दुपारपर्यंत त्यांच्यातला एक गोड बोलत आला. "ताई, छान लिहिता. शिक्षण कुठवर?" बाईंनी सांगितलं, बारावी. मग त्याने लिहिलं, "हो का. आडनावावरून वाटलंच, सवलतीतलं मराठी." मग त्याचे सोबती आले. त्यांनी जे लिहिलं त्यातलं बरंचसं मी इथे लिहिणार नाही. त्यांच्यातलं त्यातल्या त्यात सभ्य वाक्य होतं : "चक्कीवर दळण कोण टाकतं यांच्याकडे?"

तक्रारींचा ढीग माझ्यासमोर आला. ओट्यावर कोणीतरी लिहिलं, "भाजी टाका रे," आणि माणसं भाजी टाकायला लागली. माझ्या पत्नीच्या पाठीमागे पहिल्यांदाच. मी प्रत्येक वाक्य सावकाश वाचलं, आणि मलकापूरला फोन केला. शिव्या देणारी खाती त्याने तासाभरात बंद केली. ती बंद झाली की त्याच सर्व्हरवरून नवी येत.

"सर, ऐका माह्यं," तो म्हणाला. "काही दिवस दारच बंद करू. नवीन कोणी घ्याचं नाही. जुने आहे तेवढे बसतीन आपले निवांत."

"मॅडमनी कधी बंद केलं होतं?"

"मॅडम होत्या तवा मॅडम होत्या, सर."

मी म्हटलं, आधी बाईंना विचारतो, तोवर थांब.

हिची एक रीत होती. काहीही करण्याआधी ज्याला लागलं त्याला विचारायचं. मी उंद्रीच्या बाईंना खाजगीत लिहिलं : "मी ओट्याच्या मॅडमचा नवरा. तक्रारी मी पाहतो. जे झालं त्याचं मला वाईट वाटतं. आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं?" आणि त्या सर्व्हरच्या कारभाऱ्यालाही एक पत्र लिहिलं, काय काय लिहिलं गेलं ते जोडून, नम्रपणे.

कारभाऱ्याचं उत्तर लवकर आलं. त्याच्याकडे सगळ्यांना सगळं बोलायची मोकळीक आहे, आणि आमच्या ताईंना दुर्लक्ष करायला शिकवावं.

बाईंचं उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. चक्कीच्या वेळेला लोक येऊन पाहून जात. मी ग्रंथालयात पुस्तकं देताघेताना फोन पाहत होतो, जे मी कधी करत नसे. ही बाई उठून गेली, तर ओटा बंद पडणार नव्हता. काका होते, ढगांचे फोटो होते, भाज्या होत्या. पण ज्या घरातून आम्ही चहा पिऊन बाहेर पडलो होतो तसंच एक घर माझ्या पत्नीच्या ओट्याचं झालं असतं, आणि ते मला आयुष्यभर सांभाळावं लागलं असतं. तिच्या नावावर. मला फक्त एवढंच हवं होतं की ही बाई तिथून जाऊ नये.

उंद्री इथून लांब नाही. चिखलीकडची बस पकडली की दुपारपर्यंत जाऊन परत येता येतं. पण ओट्यावरची ओळख घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. नंबर जलदानविधीला दिला होता.

"सर, आग मीच लावली."

"तसं नाही, काका."

"तसंच हाय. माणूस बसला नाही तं मी त्याची झडती घेतली. मॅडम असत्या तं मले कानाले धरून उठवलं असतं."

त्यांना खोटा दिलासा देणं मला जमलं नाही, आणि त्यांनाही तो नको होता.

"त्या लोकाईचा रस्ता बंद करा," ते म्हणाले.

"करता येतो. पण तुमची मुलगी त्याच सर्व्हरवर आहे ना? पुण्याची. मग तिचं तुम्हाला दिसणार नाही, तुमचं तिला दिसणार नाही."

काकांची मुलगी रोज सकाळी त्यांच्या कापसाच्या फोटोखाली काहीतरी लिही. काका ते वाचूनच शेतात निघत, हे ओट्यावर सगळ्यांना माहीत होतं.

"ते फोन करते मले," ते म्हणाले. "रोज नाही करत, पण करते. तुमी बंद करा."

त्याच दुपारी उंद्रीहून उत्तर आलं. मी ग्रंथालयात होतो, चष्मा पुसून वाचलं.

"सर, उशीर झाला. चक्कीचा पट्टा तुटला होता, मालक मलकापूरले गेले नवा आणाले, अन् मोबाईल त्याईच्यापाशी. वाचलं सारं. रडलेबी. खोटं काऊन सांगू. पण तुमी इच्यारलं म्हणून सांगते. त्या लोकाईच्या गावचा रस्ता बंद करा. दार नका बंद करू. मीबी कालपरवाच आली न. माह्या मांगं अजून कोणी येऊन राह्यलं असीन."

पट्टा तुटला होता! तीन दिवस आम्ही सगळे एका तुटलेल्या पट्ट्यासाठी जीव मुठीत धरून बसलो होतो. नाही, तसंही नाही. बाई रडल्या होत्या, आणि ते पट्ट्याने झालं नव्हतं.

मी मलकापूरला सांगितलं. त्याने तो रस्ता बंद केला. त्या सर्व्हरवरचं काहीही आता ओट्यावर येणार नव्हतं. आमची दारं उघडीच राहिली. मलकापूरचा म्हणाला, "सर, तुमी मॅडमवाणीच बोलून राह्यले." मी फोन ठेवला आणि पुस्तकांच्या मांडणीमागे जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

संध्याकाळी काकांनी ओट्यावर सगळ्यांसमोर लिहिलं, "बाई, मी पाणी द्याचं सोडून आडनाव इच्यारलं. चुकलं माह्यं."

बाईंनी लिहिलं, "काका, तुमच्या मनात नातं होतं अन् त्याईच्या मनात घाण होती, हे मले कळते. पण प्रश्न तोच होता. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे झालं."

काकांनी फक्त "हाव" लिहिलं. मी तोवर वाचलेल्या अनेक मोठमोठ्या वादांपेक्षा मला हे बोलणं मोठं वाटलं. कोणी कोणाला सहज सोडलं नाही, आणि कोणी उठूनही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चक्कीच्या वेळेला बाई परत लिहायला लागल्या. आपल्या खात्यावर गावाच्या आधी त्यांनी आडनाव लिहून ठेवलं होतं. सगळ्यांना दिसेल असं. मला वाटलं, त्यांना नियम समजला नसावा. मी खाजगीत लिहिलं, "इथे आडनाव सांगायची गरज नाही."

उत्तर आलं : "मॅडमनं 'इच्यारू नका' म्हणलं. 'सांगू नका' नाही म्हणलं न, सर? इच्यारलं तं राग येते मले. पण लपवाचं काऊन? माह्या बापाचं हाय ते."

मी बराच वेळ विचार केला. हिने तो नियम लिहिला होता तेव्हा आमच्या मनात ते घर होतं, निम्मा राहिलेला चहा होता. आम्ही दार बंद होऊ नये म्हणून प्रश्न बंद केला होता. ही बाई एक पाऊल पुढे गेली होती. तिला प्रश्नाची भीती उरली नव्हती, फक्त चीड होती.

नियमांचं पान उघडलं. ते वाक्य हिचं होतं, तिच्या शब्दांत. मी आयुष्यभर पुस्तकं सांभाळली, कोणी समासात पेन्सिलने लिहिलं तरी मला चालत नसे. गेलेल्या माणसाच्या वाक्याला हात लावणं मला कठीण गेलं. पण तिने हे वाक्य माणसांसाठी लिहिलं होतं, आणि तिची माणसं आता ते पुढे नेत होती. ती असती तर तिने खुर्ची ओढून म्हटलं असतं, "लिहा न मंग, बसले काय?" मी तिचं वाक्य तसंच ठेवलं आणि त्याखाली एक ओळ जोडली : "सांगावंसं वाटलं तर खुशाल सांगा."

पुढल्या आठवड्यात काकांची मुलगी तो सर्व्हर सोडून ओट्यावर आली. या जाळ्यात तसं करता येतं. माणूस जागा बदलतो आणि त्याचे ऐकणारे त्याच्यासोबत येतात. मी पाहत होतो, तिला पाणी कोण देतं. काका देतील असं वाटलं. पण उंद्रीच्या बाई आधी पोचल्या. "या, बसा. पाणी घ्या. तुमचे बाबा भाकर उलटून येऊन राह्यले." मुलीने खूप हसल्याची चिन्हं टाकली आणि लिहिलं, "माझं आडनाव तर तुम्हाला माहीतच आहे." बाई म्हणाल्या, "हाव. मी इच्यारलं नाही हं पण."

मला अभिमान वाटला. माझ्या बायकोचा तर होताच. या सगळ्यांचा वाटला, आणि थोडासा स्वतःचाही, हे लिहायला मला संकोच होतो, पण खरं आहे ते.

ती नाही. ओटा चालू आहे. नव्या माणसांना पाणी बहुतेक उंद्रीच्या बाई देतात, यंत्र मलकापूरहून चालतं आणि तक्रारी मी वाचतो. तो रस्ता अजून बंद आहे. दार उघडं आहे, आणि आता मीही तिथे लिहितो.